बॉल तोच, हात तोच, मग वळण वेगळं का?

टेनपिन बोलिंग म्हणजे लांब, अरुंद लेनवरून जड बॉल टाकून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ. तो पहिल्यांदा लक्ष देऊन बघणाऱ्याला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. कसलेला खेळाडू बॉल पिनांच्या दिशेने सोडतच नाही. बॉल उजव्या गटरच्या, म्हणजे लेनच्या बाजूच्या खोबणीच्या, कडेकडेने निघतो, आता पडलाच असं वाटतं, आणि शेवटच्या काही फुटांत कुणी मागून हाक मारल्यासारखा डावीकडे वळून पिनांत घुसतो. खरं कोडं मात्र तासाभराने पडतं. तोच खेळाडू त्याच जागी उभा राहून, त्याच वेगाने तोच बॉल टाकतो, पण आता बॉल कितीतरी आधी वळतो आणि समोरच्या पिनच्या डावीकडून निघून जातो. समालोचक म्हणतात, ‘लेन बदलली.’ लेन तर जागच्या जागी आहे. मग बदललं काय?

बदललं ते लेनवरचं तेल. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. मी स्वतः पहिली दोन वर्षं तेलाचा विचार न करता खेळलो आणि प्रत्येक चुकलेल्या बॉलचा दोष मनगटाला देत राहिलो. नंतर कळलं की ‘हा बॉल किती वळतो?’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘कुठल्या तेलावर?’ हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पाच चमचे तेल

आधी मैदान समजून घेऊ. फाउल लाईनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, समोरच्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब असते आणि रुंदी साडेएकेचाळीस इंच. या रुंदीत ३९ उभ्या पट्ट्या असतात, प्रत्येक साधारण एक इंचाहून किंचित जास्त. आजच्या लेन बहुतेक कृत्रिम पृष्ठभागाच्या असतात, तरी त्यांच्यावर लाकडी पट्ट्यांच्या रेघा काढलेल्या असतात, कारण खेळाडू याच पट्ट्या मोजून नेम धरतात. उजव्या हाताचा खेळाडू उजवीकडून मोजतो.

खेळाआधी एक यंत्र लेनवरून जाऊन जुनं तेल पुसतं आणि नवं पसरतं. किती? साधारण २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा छोटे चमचे. २५ मिलिलिटर तेल ४० फुटांवर सारखं पसरलं असं धरून मी हिशेब केला, तर थराची जाडी येते साधारण दोन मायक्रॉन. माणसाचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. एवढ्या पातळ थरावर हा सगळा खेळ उभा आहे. आणि तेल शेवटपर्यंत नसतं. बहुतेक ठिकाणी ते ४० फुटांच्या आसपास संपतं. पुढचा भाग, ज्याला खेळाडू ‘बॅकएंड’ म्हणतात, कोरडा असतो.

तेल लावायचं तरी कशाला? लेन जेव्हा लाकडाच्या होत्या तेव्हा सुरुवातीचा भाग कडक मेपलचा असे, कारण बॉल तिथे आदळतो, आणि मधला लांब भाग मऊ पाइनचा. सात किलोचा बॉल घासत गेला की लाकडावरचं रोगण जळायचं, सोलायचं. तेल आलं ते या रोगणाला वाचवायला. पुढे लक्षात आलं की तेल कुठे आणि किती आहे यावर बॉलचा मार्ग ठरतो, आणि देखभालीची ही युक्ती खेळाचाच भाग होऊन बसली.

बॉल घसरतो, वळतो, मग गडगडतो

आता बॉलकडे. समजा, बॉल सेकंदाला ८ मीटर वेगाने सुटला आणि स्वतःभोवती मिनिटाला ३०० फेरे घेतोय. दोन्ही आकडे चांगल्या खेळाडूच्या आवाक्यातले आहेत. बॉलचा घेर जवळपास ६८ सेंटिमीटर. मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला पाच फेरे, म्हणजे बॉलचा पृष्ठभाग सेकंदाला फक्त साडेतीन मीटरच्या आसपास फिरतोय, आणि बॉल मात्र आठ मीटर पुढे जातोय. चाकासारखं नीट गडगडायचं तर त्याला सेकंदाला जवळजवळ बारा फेरे हवेत. तेवढे नाहीत, म्हणून तो घसरतोय. पावसात जोरात ब्रेक दाबल्यावर चाक थांबतं आणि गाडी पुढे सरकत राहते, तसं काहीसं.

दुसरी गोष्ट, बॉलचे फेरे सरळ पुढच्या दिशेने नसतात. सोडताना बोटं बॉलच्या बाजूने वर जातात आणि फिरण्याचा अक्ष तिरपा होतो. म्हणजे बॉल निघालाय एका दिशेला आणि फिरतोय थोडा दुसऱ्याच दिशेला. हे फिरणं त्याला डावीकडे ओढू बघतं, पण ओढायला पकड लागते. चिखलात अडकलेल्या गाडीचं चाक आठवा. ते जागच्या जागी गरगरत राहतं, गाडी हलत नाही. चाकाखाली गोणपाट सरकवलं की त्याच फिरण्याने गाडी झटक्यात बाहेर येते. चाकात जोर आधीपासूनच होता, त्याला धरायला काही मिळत नव्हतं. लेनवरचं तेल म्हणजे तो चिखल, आणि कोरडा बॅकएंड म्हणजे गोणपाट.

म्हणून बॉलच्या प्रवासाचे तीन टप्पे होतात. तेलात घसरणं. कोरड्यावर पकड मिळाली की वळणं, यालाच ‘हुक’ म्हणतात. आणि फिरण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगाशी जुळला की निव्वळ गडगडणं. तिसऱ्या टप्प्याबद्दल फार जणांचा गैरसमज असतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. बॉल पूर्ण गडगडू लागला की त्याचं वळणं संपतं. त्यानंतर तो ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेला जवळजवळ सरळ जातो. घसरण संपली की घर्षणाला ओढायला काही उरत नाही. तेव्हा वळण ही संपणारी पुंजी आहे. ती लवकर खर्च झाली तर पिनांपाशी हात रिकामा, आणि पिनांपर्यंत खर्चच झाली नाही तर ती असून नसल्यासारखी.

सरळ टाकलेला बॉल काय वाईट?

हा प्रश्न रास्त आहे. सरळ टाकला तर तेलाची कटकट बरीच कमी होते. अडचण पिनांच्या मांडणीत आहे. दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. सगळ्यात पुढची पहिली, आणि मागच्या ओळींचे क्रमांक डावीकडून उजवीकडे. उजव्या हाताच्या खेळाडूला बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या फटीत न्यायचा असतो. ही जागा म्हणजे ‘पॉकेट’. उत्तम स्ट्राईकमध्ये, म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो, एक, तीन, पाच आणि नऊ क्रमांकाच्या. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. पहिली दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला. तिसरी सहावीला आणि सहावी दहावीला. पाचवी आठवीला.

एका पिनचं वजन साधारण दीड किलो असतं, त्यामुळे प्रत्येक धडकेत बॉल थोडा बाजूला ढकलला जातो, पहिल्या पिनला लागताना उजवीकडे. सरळ आलेला बॉल या धक्क्यांनी इतका बाजूला सरकतो की मधली पाचवी पिन अनेकदा त्याच्या हाताला लागतच नाही. बॉल सुमारे सहा अंशांच्या कोनात तिरपा आला तर तो धक्के पचवून आतपर्यंत पोहोचतो. आता लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. गटरच्या अगदी कडेवरून सरळ रेषेत फेकला तरी दोन अंशसुद्धा मिळत नाहीत. हे सहा अंश वळणातूनच कमवावे लागतात. आणि वळण तेल देतं किंवा अडवतं.

कातडीचा इतिहास

बॉलच्या बाहेरच्या थराला ‘कव्हरस्टॉक’ म्हणतात. आपण त्याला कातडी म्हणू. सुरुवातीचे बॉल लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय जड, कठीण लाकडाचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रबराचे आले, नंतर पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला सगळे ‘प्लॅस्टिक बॉल’ म्हणतात तो. प्लॅस्टिकची कातडी गुळगुळीत आणि कडक असते. लेनला ती फारशी धरत नाही.

मग १९७३ साल आलं. डॉन मॅकक्यून या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिक बॉल रसायनात भिजवून त्याची कातडी मऊ केली आणि त्या एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या. मऊ कातडी लेनवर किंचित दबते, टेकण्याची जागा वाढते आणि पकडही वाढते. यानंतर कातडीला किमान कडकपणा हवाच, असे नियम आले. हा मुद्दा अजून जिवंत आहे. २०२२ मध्येही अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने कडकपणाच्या कसोटीला न उतरलेल्या काही बॉलना आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून वगळलं. बाहेरून बघणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटतो. कातडीच्या मऊपणातल्या थोड्याशा फरकाने बॉल तेलात कसा वागतो हे पाहिलं की तो क्षुल्लक राहत नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन. रिअॅक्टिव्ह कातडीत सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती तेल शोषून घेते. त्यामुळे बॉल तेलातून बाहेर पडला की कोरड्यावर करकचून पकडतो. युरेथेनला ही तहान नसते. त्याचं वळण लवकर सुरू होतं पण गोलाईदार असतं, शेवटी झटका कमी. अंदाज बांधता येतो म्हणून अनेक खेळाडू आखूड तेलावर ते हाती घेतात.

कातडी कशाची आहे याइतकंच महत्त्व ती किती खरखरीत आहे याला असतं. बॉल घासण्याच्या चकत्यांवर ५००, १०००, २०००, ४००० असे आकडे असतात, आकडा लहान तेवढी चकती खरखरीत. ५०० ने घासलेल्या बॉलचे सूक्ष्म उंचवटे तेलाच्या पातळ थरातून आरपार जाऊन लेनला टेकतात. खोल नक्षीचं टायर पाणी बाजूला सारून रस्ता धरतं, तसंच. चकाकी आणलेला तोच बॉल तेलावरून तरंगत जातो आणि आपली पुंजी मागच्या भागासाठी राखतो. म्हणून चकचकीत बॉल शेवटी जास्त झटकन वळताना दिसतो आणि नवखा म्हणतो, ‘हाच जास्त जोरदार.’ खरखरीत बॉलची ताकद तेलातच खर्च होते, त्यामुळे ती डोळ्यात भरत नाही.

आतला गाभा

गाभ्याबद्दल थोडक्यात. आधुनिक बॉल आतून एकसंध नसतो, त्यात विशिष्ट आकाराचा जड गाभा बसवलेला असतो. वस्तुमान मध्याशी गोळा झालेलं असेल तर बॉल लवकर फिरू लागतो, कडेला पसरलेलं असेल तर उशिरा. शिवाय गाभा बेढब असल्यामुळे बॉल भोवऱ्यासारखा डुलतो आणि प्रत्येक फेऱ्याला कातडीचा थोडा वेगळा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. बोटांची भोकं कुठे पाडली यानेही हे डुलणं बदलतं. तरीही माझं मत असं की सामान्य खेळाडूने गाभ्याच्या आकड्यांत डोकं घालण्याआधी कातडी आणि तेल समजून घ्यावं. जाहिराती गाभ्याच्या चित्रांनी भरलेल्या असतात, पण लेनला टेकते ती कातडी.

नरसाळं आणि सपाट जमीन

तेल सगळ्या लेनवर सारखं पसरलेलं नसतं. कुठे किती, याच्या आराखड्याला ‘पॅटर्न’ म्हणतात. मौजेसाठी खेळायला जातो तिथे बहुधा ‘हाउस पॅटर्न’ असतो, मध्ये भरपूर तेल आणि दोन्ही कडांना अगदी थोडं. मध्यावरचं तेल कडेच्या दहापटसुद्धा असू शकतं. त्याचा परिणाम नरसाळ्यासारखा होतो. बॉल चुकून जास्त उजवीकडे गेला तर कोरडं लागून जास्त वळतो आणि पॉकेटकडे परततो. चुकून डावीकडे पडला तर तेल त्याला वळू देत नाही, तो पुन्हा पॉकेटकडेच. दोन्ही चुका लेन पदरात घेते.

मोठ्या स्पर्धांच्या पॅटर्नमध्ये हे प्रमाण तीनास एक किंवा त्याहून कमी असतं, कधी जवळजवळ सपाट. तिथे उजवीकडची चूक उजवीकडेच राहते. घरच्या लेनवर दोनशेच्या वर सरासरी असलेला खेळाडू अशा पॅटर्नवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा गुण धाडकन खाली येतात. त्याचा हात बिघडलेला नसतो, नरसाळं काढून घेतलेलं असतं.

पॅटर्नची लांबीही महत्त्वाची. अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेने आपल्या पॅटर्नना प्राण्यांची नावं दिली आहेत. वुल्फ आणि चीता आखूड, शार्क आणि बॅजर लांब. खेळाडू एक ठोकताळा वापरतात. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करायचे, जो आकडा येईल त्या पट्टीच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४० फुटांचं तेल असेल तर नववी पट्टी. ३६ फुटांचं असेल तर पाचवी, म्हणजे गटरच्या अगदी जवळ, कारण पुढे वळायला कोरडी जागा भरपूर आहे. ४८ फुटांचं असेल तर सतरावी, कारण वळायला फक्त बारा फूट उरतात. हा नियम काटेकोर नाही, पण कुठून सुरुवात करायची हे सांगतो.

तेल जागेवर राहत नाही

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. रिअॅक्टिव्ह बॉल प्रत्येक वेळी आपल्या वाटेवरचं थोडं तेल शोषून नेतो. अंगणातल्या हिरवळीवरून रोज एकाच रेषेत चाललं की पायवाट पडते, तशी तेलात वाट पडते. पंधरा-वीस बॉल एकाच पट्टीवरून गेले की तिथे पकड लवकर मिळू लागते आणि बॉल लवकर वळतो. प्लॅस्टिक आणि युरेथेनचे बॉल तेल पीत नाहीत, पण अंगाला लागलेलं पुढच्या कोरड्या भागात नेऊन सांडतात. याला ‘कॅरीडाउन’ म्हणतात. त्याने उलटं होतं, जिथे पकड मिळायची तिथेच बॉल घसरतो. एकाच लेनवर दोन्ही गोष्टी एकदम चालू असू शकतात.

ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेच्या यशानंतर दोन हातांनी बॉल टाकण्याची पद्धत जगभर पसरली. त्या पद्धतीत फेरे खूप जास्त मिळतात, आणि फेरे जास्त तेवढं तेल लवकर उडतं. चार जोरकस खेळाडू एका लेनवर आले तर पहिल्या गेमचा आराखडा दुसऱ्या गेममध्ये उरत नाही. डावखुऱ्यांचं चित्र वेगळं. ते संख्येने कमी, म्हणून त्यांच्या बाजूचं तेल बऱ्याचदा जास्त वेळ टिकतं. उजवे खेळाडू याबद्दल कुरकुर करतात. पण डावखुऱ्याला वाट घडवून द्यायलाही कुणी नसतं, हे ते विसरतात.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. पाचव्या दिवशीची खेळपट्टी पहिल्या दिवसाची नसते, आणि ती वाचता येणं हे फिरकीपटूच्या कौशल्यातच धरलं जातं. फरक इतकाच की तिथल्या भेगा सगळ्यांना दिसतात.

मग सगळ्यात जोरदार बॉलच का घेऊ नये?

दुकानात हा प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर पुंजीच्या हिशेबात आहे. जोरदार, खरखरीत रिअॅक्टिव्ह बॉल कमी तेलाच्या लेनवर टाकला तर तो अर्ध्या वाटेतच वळून घेतो आणि गडगडू लागतो. पिनांपाशी कोन उरत नाही. पॉकेटला लागूनही कोपऱ्यातली दहावी पिन उभी राहते. उलट, चकचकीत किंवा प्लॅस्टिकचा बॉल भरपूर, लांब तेलावर टाकला तर तो पिनांना लागतानाही घसरतच असतो आणि धक्क्याने बाजूला होतो. बॉल दोन्ही वेळा चांगला, जागा चुकलेली. म्हणून गंभीरपणे खेळणारे दोन-तीन वेगवेगळ्या स्वभावाचे बॉल बाळगतात, आणि एकटी उरलेली पिन पाडायला एक प्लॅस्टिकचा, कारण त्याला तेलाशी फारसं देणंघेणं नसतं.

‘म्हणजे हाताला किंमतच नाही का?’ असंही कुणी विचारेल. आहे, आणि सगळ्यात जास्त आहे. वेग वाढवला की बॉल तेलात लांबवर घसरतो, कमी केला की लवकर वळतो. मनगट बदललं की फेऱ्यांचा तिरपेपणा बदलतो. तेल बदललं हे ओळखून काय बदलायचं हे हातच ठरवतो. पण जो हात दर वेळी तंतोतंत तसाच बॉल टाकतो आणि लेनकडे बघत नाही, त्याचे गुण हळूहळू घसरतात, कारण त्याच्या अचूकपणाने त्याचीच वाट झिजवलेली असते.

न दिसणारं वाचायचं कसं?

बॉल वळायला कुठे सुरुवात करतो ते बघायचं. पिना पडल्या की नाही याकडे सगळ्यांचे डोळे असतात. तुमचे डोळे त्याआधीच्या वीस फुटांवर हवेत. बॉल चांगला सुटूनही डावीकडे जास्त गेला तर तुमच्या वाटेवरचं तेल उडतंय. पाय दोन पट्ट्या डावीकडे, नेम एक पट्टी डावीकडे, आणि पुन्हा बघा. उजवीकडे राहिला तर उलट. शेजारच्या खेळाडूचा बॉलही बघत जा, तो तुमच्या वाटेवरून जात असेल तर तुमचंच तेल नेतोय.

आणि बॉल परत आला की लगेच फडकं लावू नका, दिव्याखाली धरा. कातडीवर तेलाच्या बारीक कड्या उमटलेल्या दिसतील. एकमेकींपासून सुट्या, पंख्यासारख्या पसरलेल्या असतील तर गाभा बॉलला डुलवतोय आणि प्रत्येक फेऱ्याला कोरडी कातडी मिळतेय. एकावर एक चढलेल्या असतील तर तेलाने माखलेलाच भाग पुन्हा पुन्हा टेकतोय. पहिल्या गेमला या कड्या ओल्या, ठळक असतात. तिसऱ्या गेमपर्यंत त्या फिकट झालेल्या दिसल्या तर ते तेल कुठे गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे. आता पुसा, आणि पुढचा बॉल दोन पट्ट्या डावीकडून टाका.